शर्वाणी हरिणीची कट्टी

एका जंगलात, मुलांनो, एक प्राथमिक शाळा होती. तिथे चावायला, ओरबाडायला आणि शिंगं मारायला सक्त मनाई होती. त्यामुळे शाळा फार सुसंस्कृत समजली जायची.

तिसरीत शर्वाणी नावाची हरिणी होती. तिने कधी कुणाला ढकललंसुद्धा नाही. ती फक्त मधल्या सुट्टीत म्हणायची, "आज अमक्याशी कट्टी." मग सगळा वर्ग गोल करून, त्या अमक्याकडे पाठ फिरवून डबा खायचा.

एकदा पाळी आली साळूची. साळू ही साळिंदराची मुलगी.

"माझं काय चुकलं गं?" तिने विचारलं.

शर्वाणीने शेजारच्या सशाला विचारलं, "काही ऐकू आलं का रे?"

"छे! वारा असेल," ससा म्हणाला. कालपर्यंत तो साळूच्याच डब्यातली रताळी खात होता.

घरी आई विचारायची, "आज शाळेत काय झालं?" साळू म्हणायची, "काही नाही." आणि ते अगदी खरं होतं.

तिच्याजवळ येऊन बसायचं ते एकटं कासव. त्याचं नाव दगडू. "कट्टी कधी सुरू झाली ते मला कळलंच नाही," तो म्हणायचा. "आता राहू दे."

मग एक दिवस शर्वाणी मोठ्याने म्हणाली, "तिच्याजवळ जाऊ नका हं, तिला वास येतो." सगळे हसले. साळूचे काटे आपोआप उभे राहिले आणि एक शर्वाणीच्या कानाला लागला.

बगळे गुरुजी धावत आले. "हिंसा! आपल्या शाळेत!"

"गुरुजी, ही माझ्याशी कुणाला बोलूच देत नाही..."

"वर्गात न बोलणं हा गुण आहे," गुरुजी म्हणाले. साळूला त्यांनी एका पायावर उभं केलं आणि शर्वाणीला 'मैत्रीदूत' असा बिल्ला लावला.

दुसऱ्या दिवशी शर्वाणी आपणहून आली. "येतेस आमच्यात? फक्त त्या दगडूशी कट्टी कर."

दगडू समोरून येतच होता. तोंडात आवळा होता. तो पोचेपर्यंत साळूला विचार करायला भरपूर वेळ मिळाला.

"तुझ्यासाठी," आवळा तिच्यापुढे ठेवून तो म्हणाला.

साळू उठली आणि गोलात जाऊन बसली. तिथे छान ऊब होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडू आलं असतं, आणि रडणाऱ्यांशी त्या दिवशी कट्टी होती.

तात्पर्य: बाळांनो, कुणालाही कधी टोचू नये. टोचलेलं गुरुजींना दिसतं.