पंच्याऐंशी दातांचं जनावर

उखाजीआप्पांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. "तोंड उघडा, मास्तर," म्हणाले. मी शहाद्याच्या शाळेत नवा, साताऱ्याकडचा, भिडस्त, उघडलं. आप्पांनी मान तिरपी करून आत पाहिलं. "सत्तावीस." अहो, माझं वय बरोबर सत्तावीस!

"दात खोटं बोलतस नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचं वय आप्पा सांगत आणि लोक ते मानत. याच वाक्यापायी त्यांचा बालमित्र तुटला. कासमभाई पिंजारी आपली घोडी पाच वर्षांची म्हणून विकत होता. आप्पांनी गिऱ्हाइकादेखत तिचा जबडा उघडून "अकरा" म्हटलं. गिऱ्हाईक गेलं, मैत्रीही गेली. त्याला सहा वर्षं झाली होती. कापूस पिंजायला दुसऱ्या पिंजाऱ्याला आप्पा दारात उभं करीत नसत, त्यामुळे त्यांच्या गादीत कापसाचे धोंडे झाले होते. मी रोज संध्याकाळी त्यावर बसायचो, म्हणून अधिकाराने सांगतो.

तर हे आप्पा नंदुरबारला बदली झालेल्या एका साहेबाच्या लिलावात खोगीर आणायला गेले आणि बैलगाडीतून पियानो घेऊन आले. का, ते देव जाणे. साहेबाने झाकण उघडलं, आप्पांना दात दिसले, एवढंच मला कळलं.

"पंच्याऐंशी! घोड्याले चाळीस ऱ्हातस. हाई कोनतं जनावर शे, मास्तर?"

पियानोच्या पोटात अशा वाद्यांच्या इतिहासाचं एक इंग्रजी पुस्तक सापडलं. झालं! खानदान कळल्याशिवाय वाजवायचं नाही, असा हुकूम सुटला आणि वंशावळ काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आता माझं इंग्रजी बेताचं. सोमवारी मी सांगितलं, की आधी क्लॅव्हिकॉर्ड. पट्टी दाबली की पितळेचा तुकडा तारेला टेकतो, पण आवाज इतका बारीक की वाजवणाऱ्यालाच ऐकू येतो.

"मंग त्याना उपयोग काय?"

बुधवारी सांगितलं, की हार्पसिकॉर्ड. त्यात पिसाचा दांडा तार छेडतो. आवाज मोठा, पण हळू दाबा की जोरात, एकसारखाच.

"म्हंजे हाऊ बाप आनि सोमवारवाली माय?"

मी हो म्हणालो. शुक्रवारी वाचलं, की तसं नाही, दोघं आपापल्या जागी वेगळेच. पुढे इटलीतल्या एका कारागिराने छेडणं सोडून तारेवर हातोडी मारली, तेव्हा कुठे हळू आणि जोरात, दोन्ही जमलं. शिवाय दोन काड्यांनी तारा ठोकायचं एक वाद्य त्याआधीचंच. आप्पांनी डोकं धरलं. मी तर केव्हाच धरलं होतं.

शेवटी कंटाळून त्यांनी एक पट्टी दाबली. स्वयंपाकघरात परात पडावी तसा आवाज आला. आत पाहिलं, तर हातोड्यांची टोकं कसरीने खाल्लेली. मी पुस्तक चाळलं. "पूर्वी टोकाला चामडं लावत, आता लोकरीचा नमदा लावतात."

"खोगीरखालना नमदा? तो ते कासमच करस…" आप्पांनी वाक्य अर्धवट सोडून पियानोचं झाकण लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही जाशात?"

मी गेलो. कासमभाईने ऐकून घेतलं. "सांगा त्याले, मी बाजाकरता ई ऱ्हायनू. उखाकरता नही." आणि तो माझ्याबरोबर निघाला.

तीन दिवस तो सरस लावून नमदे चिकटवत होता. आप्पा शेजारी बसून सरसाचं भांडं पुढे सरकवत. तिसऱ्या दिवशी कासमभाईने पट्टी दाबली, हातोडी तारेवर पडताना पाहिली आणि त्याला हसू फुटलं. "आरे, हाई ते मन्हंच काम! कापूस पिंजानं म्हंजे तार आनि ठोका."

"मास्तर, पुस्तक चुकेल शे," आप्पा उसळून म्हणाले. "याना आजा म्हंजे कासमनी धनुकली!"

मी वाद घातला नाही. माझ्या वंशावळीपेक्षा ही सोपी होती.

मग कासमभाईने मान खाली घालूनच विचारलं, "ती घोडी कितला वरीसनी व्हती, उखा?"

हा माणूस जन्मात दातांबद्दल खोटं बोलला नव्हता. आप्पांनी पांढऱ्या पट्ट्यांवरून हात फिरवला.

"पाच," ते म्हणाले. "मन्ही नजर चुकनी."

"अकरा व्हती."

"पाच व्हती, सांगस ना!"

"आरे, घोडी मन्ही! अकरा!"

दोघं तावातावाने भांडायला लागले आणि कोण कुणाच्या बाजूने बोलतोय, हे मला कळेना. मी घरी निघून आलो. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा ओट्यावर धनुकली वाजत होती, आप्पा डोक्यापासून पायापर्यंत कापसाने माखले होते, आणि गादी उसवलेली होती.