देवरे नानांची इगतपुरी

नाना देवऱ्यांची गाडी आठ वर्षांत एकदाही फाटकाबाहेर गेली नव्हती, आणि तिच्या मीटरवर पस्तीस हजार किलोमीटर पडले होते.

हे मला कोणी नुसतं सांगितलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. मी शाळेत भूगोल शिकवतो. अंतर नावाची गोष्ट असते आणि ती कापल्याशिवाय कापली जात नाही, हे मुलांच्या डोक्यात घालण्याचा मला पगार मिळतो. पण तो मीटर मी स्वतः बघितला आहे, आणि चष्मा पुसून पुन्हा बघितला आहे.

मनमाडहून बदली होऊन आम्ही इंदिरानगरला राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कॉलनीने मला नानांची गाडी दाखवली. रो-हाउसच्या बाजूला पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये लाल रंगाची, बुटकी, दोनच माणसांची इंग्रजी स्पोर्ट्स कार. नाना सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. देवळालीच्या एका पारशी बंगल्यामागे ही गाडी कोंबड्यांचं खुराडं होऊन पडली होती. नानांनी कोंबड्या मालकाला परत केल्या आणि उरलेलं सगळं टेम्पोत घालून घरी आणलं. ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. तेव्हापासून गाडीला जे लागलं ते त्यांनी घरीच केलं. एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसवले. इंजिनाचं हेड अंबडच्या लेथवर नेऊन घासून आणलं. सायलेन्सरचे पाइप वाळू भरून, तापवून, स्वतःच्या हाताने वाकवले. कार्बोरेटर धुवायला त्यांनी देवरे वहिनींची कणीक मळायची परात नेली. वहिनी त्यानंतर भाकरी करायला लागल्या.

मग त्यांनी रुंद टायर चढवले, आणि टायर झाकायला मडगार्ड ठोकून-ठोकून दोन्ही बाजूंनी फुगवले. झालं असं की गाडी शेडमध्ये मावायची, पण फाटकाच्या दोन खांबांमधून निघायची नाही. दोन्हीकडून चार-चार बोटं अडायची.

यावर कॉलनीची करमणूक चालायची. "कारखान्यात केसाच्या दहाव्या भागाचं माप घेणारा माणूस," लोक म्हणायचे, "आणि घरचं फाटक मोजायला विसरला." मीही हसलो. माझ्या हसण्याला तर जास्तच धार होती, कारण मी मास्तर. टूलरूमचा माणूस माप विसरत नसतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

नाना मूळचे बागलाणातले, सटाण्याकडचे. इतकी वर्षं नाशकात राहून त्यांची भाषा शहरी झाली होती, पण गाडीचा विषय निघाला की अहिराणी यायची. "हिला शहरी बोललेलं समजत नाही," असं त्यांचं म्हणणं. कधीही विचारा, "काय नाना, कुठवर आलं काम?" की हातातल्या फडक्याने बोटं पुसत ते म्हणणार, "गाडी तयार शे." सकाळी तयार शे, संध्याकाळी तयार शे, दिवाळीला तयार शे. गणपतीच्या वर्गणीला लोक गेले तर पावती फाडायच्या आधीच सांगितलं, "गाडी तयार शे." कुठे जायला तयार, ते विचारायची सोय नव्हती. विचारलं की फडकं पुढच्या बोटावर जायचं.

रविवारी दुपारी चार वाजता ही तयार गाडी निघायची.

म्हणजे काय व्हायचं, तर मागची चाकं जमिनीपासून वीतभर उचललेली असायची, खाली सागाचे ठोकळे. धूर बाहेर जावा म्हणून सायलेन्सरला पाइप जोडून तो मागच्या भिंतीतून काढलेला. त्या बाजूच्या जास्वंदीला गेली कित्येक वर्षं फूल आलं नव्हतं. नाना आत बसायचे, दार लावायचे, आणि पहिला गिअर टाकायचे. आमची भिंत त्यांच्या शेडला लागून, त्यामुळे रविवारची माझी वामकुक्षी त्या गाडीतच व्हायची. पहिला, दुसरा, तिसरा. मध्येच हॉर्न. मध्येच, "अरे डिपर दे ना बाबा," असं कोणाला तरी म्हणणं. साधारण अर्ध्या तासाने इंजिन बंद, दहा मिनिटं शांतता, आणि थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाज. पुन्हा चालू. मग थोड्या वेळाने, इंजिन चालू असतानाच, डावीकडचं दार उघडायचं. दोनेक मिनिटं उघडंच राहायचं. मग लागायचं. आणि गाडी परत फिरायची, ती मात्र एकदम हळू, जाताना लागला त्याच्या दुप्पट वेळ घेत.

आता हे ऐकून स्वस्थ झोपेल तो भूगोलाचा मास्तर कसला. मी दोन रविवार घड्याळ लावलं. काहीतरी निमित्त काढून शेडमध्ये गेलो आणि मीटरचे आकडे लिहून आणले. दर रविवारी चौऱ्याऐंशी पडत होते. त्याचे निम्मे बेचाळीस. जिल्ह्याचा नकाशा पसरला, कंपासमध्ये बेचाळीस किलोमीटर धरले आणि इंदिरानगरवर टोक ठेवून वर्तुळ काढलं. नकाशा घेऊन तसाच नानांकडे गेलो. फार मोठी गंमत करतो आहे असं मला वाटत होतं.

"नाना, दर रविवारी नक्की कुठं जाता? निफाडच्या पुढे?"

नानांनी नकाशाकडे बघितलंही नाही. "इगतपुरी," ते म्हणाले.

"मग घोटीला चहा?"

"घोटीला चहा."

मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं, तेव्हा ती हसली नाही. ती म्हणाली, "त्यांच्या दोरीवर रविवारी संध्याकाळी एकच टॉवेल असतो, बघितलात? ऐन उन्हाळ्यातसुद्धा टपटप गळत असतो." बायकांना शेजाऱ्यांच्या दोऱ्या पाठ असतात, असं म्हणून मी तो विषय संपवला.

माझा मूर्खपणा इथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण मी परोपकार करायला निघालो. ओळखीच्या गवंड्याला विचारून ठेवलं आणि मे महिन्यातल्या एका सकाळी नानांना गाठलं. म्हटलं, "नाना, फाटकाचा एक खांब फोडून फूटभर सरकवायला अर्धा दिवस लागेल. गाडी बाहेर काढू. खरंखुरं इगतपुरीला जाऊ, मी येतो तुमच्याबरोबर."

नाना बोटं पुसत होते. पुसायचे थांबले.

"सर," ते म्हणाले, "खऱ्या रस्त्याने गेलो तर तिथं कोणी नसणार. ते मला माहीत शे."

आणि आत निघून गेले. मी गवंड्याचा भाव मनात घेऊन तसाच उभा.

वहिनी कुंपणापाशी आल्या. कॉलनीने मला गाडीबद्दल सगळं सांगितलं होतं, मुलाबद्दल कोणी बोललं नव्हतं. ते वहिनींनी सांगितलं, कुंपणाची तार धरून, अगदी साध्या आवाजात. योगेश मुंबईला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. सुट्टीला घरी यायला निघाला. पाऊस इतका, की गाड्या इगतपुरीलाच थांबल्या. त्याने स्टेशनबाहेरून फोन केला. बाबा, न्यायला या ना, मी नखशिखांत भिजलोय. त्या दिवशी इंजिनाचं हेड अंबडच्या लेथवर होतं आणि कार्बोरेटर वहिनींच्या परातीत रॉकेलमध्ये भिजत होता. नाना फोनवर म्हणाले, "गाडी तयार नही शे." सकाळी येतो म्हणाले. पोराने तोवर थांबायचं सोडून एका टेम्पोवाल्याला हात केला. टेम्पो मुंढेगावपाशी उलटला.

"तेव्हा गाडी फाटकातून निघायची हो," वहिनी म्हणाल्या. "रुंद नंतर केली."

मग त्यांनी मला एक काम सांगितलं. यायला उशीर व्हायला लागला होता. पूर्वी इगतपुरीहून परत यायला दीड तास लागायचा, आता दोन-दोन, अडीच-अडीच तास होत होते. आदल्याच रविवारी सात वाजून गेले तरी गाडी मुंढेगावच्या अलीकडे आलेली नव्हती, आणि दार वाजवलं तर आतून ओ नाही. "मला भीती वाटते," त्या म्हणाल्या. "एखाद दिवशी येणारच नाहीत. एकदा बसा त्यांच्याबरोबर. परत घेऊन या."

पुढच्या रविवारी चार वाजता मी त्या गाडीत बसलो. डाव्या सीटवर घडी घातलेला स्वच्छ टॉवेल होता. नानांनी तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "सांभाळून धरा," म्हणाले. मागे एक छत्री होती. नानांनी आरसा नीट केला, काच वर केली आणि गिअर टाकला.

सुरुवातीला मला हसू येत होतं, खोटं कशाला बोलू. समोर शेडचा पत्रा, पत्र्यावर वहिनींनी अडकवलेलं कॅलेंडर, आणि नाना त्या कॅलेंडरला सांगताहेत, "विल्होळी गेली." वाडीवऱ्हे आलं तेव्हा त्यांनी एका ट्रकला ओव्हरटेक केलं, आणि मी नकळत दाराची कड घट्ट धरली. मुंढेगाव आलं. फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलला गेला. घोटीला चहा झाला. चांगला होता, आलं जास्त होतं.

घोटी सुटल्यावर त्यांनी वायपर लावले. "इथून पुढे पाऊस असतो," म्हणाले.

मे महिना. शेडवर पत्रा. दुपारी त्या शेडमध्ये पापड भाजले असते. वायपर कोरड्या काचेवर करकरत होते आणि काच मला तरी कोरडीच दिसत होती. पाऊस दिसला असं मी म्हणणार नाही. पण माझे पाय गार पडले होते, घोट्यापर्यंत, आणि समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे मला वाचता येईनासे झाले होते. मी चष्मा पुसला. तरी नाही आले.

मग नाना गाडी बाजूला घेतल्यासारखं करून थांबले. हँडब्रेक ओढला. इंजिन चालू ठेवलं.

"सर," ते अगदी अदबीने म्हणाले, "तुम्ही इथं उतरा."

मला समजेना. मी म्हटलं, "का हो?"

"येताना जागा नाही. दोनच सीट."

त्यांच्या चेहऱ्यावर वेड नव्हतं. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं. पाहुण्याला उठवावं लागतंय म्हणून ओशाळलेल्या माणसाचा तो चेहरा होता. मी टॉवेल सीटवर ठेवला, दार उघडलं आणि उतरलो. वहिनींनी सांगितलेलं काम आठवलं, म्हणून उघड्या दारातून वाकून म्हटलं, "नाना, घरी वाट बघताहेत. उशीर करू नका."

"त्याला थंडी वाजते," नाना म्हणाले. "हळू न्यावं लागतं."

दार मी लावलं नाही. दोनेक मिनिटांनी ते नानांनी आतून ओढून घेतलं. मी शेडच्या तोंडाशी उभा होतो. गाडी डाव्या अंगाला किंचित दबलेली दिसत होती, मी बसलो होतो तेव्हा दबली असेल तशी. आता स्प्रिंगांमधलं मला काही कळत नाही. जुन्या स्प्रिंगा दबल्या तर दबूनच राहत असतील.

बाहेर ऊन होतं. वहिनी पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं.

"उतरवलं?"

"हो."

"मलाही तिथंच उतरवायचे," त्या म्हणाल्या. "सुरुवातीची दोन वर्षं जायचे मी. म्हटलं, मीच मागे बसते दाटीवाटीने, माझं पण पोर आहे. पण मागे सीटच नाही त्या गाडीला."

शेडपासून पायरी दहा-बारा पावलांवर होती. तरी माझ्या तोंडून गेलं, "मग परत कशा यायच्या?"

"चालत," वहिनी म्हणाल्या. मेथीची एक काडी त्यांनी मोडली. "लांब पडतं."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि मेथी निवडायला लागलो. माझ्याने दुसरं काही होत नव्हतं. आत गाडी हळूहळू येत होती. दोघंही गावं मोजत होतो. घोटी. मुंढेगाव. मुंढेगावला आवाज इतका बारीक झाला की वहिनींचा हात जुडीवर तसाच राहिला. मग आवाज पुन्हा वाढला. विल्होळीला त्या उठल्या आणि चहाचं आधण ठेवून आल्या.

त्या दिवशी दीड तासातच इंजिन बंद झालं. नाना शेडमधून बाहेर आले, थकलेले, पण चेहरा निवळलेला. त्यांनी हातातला टॉवेल वहिनींकडे दिला. वहिनींनी तो पायरीच्या कडेला धरून पिळला, झटकला आणि दोरीवर टाकला.

"उद्या प्लग बघतो," नाना मला म्हणाले. "बाकी गाडी तयार शे."

दोरी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. शेडमध्ये उकडतं, माणूस घामाघूम होतो, टॉवेल भिजतो, यात न समजण्यासारखं काही नाही. तरी हात लावून बघायला हवं होतं. घाम आहे की पाणी, गरम आहे की गार, एवढं तरी भूगोलाच्या मास्तराने बघावं की नाही. मी चहा घेतला, वहिनींना येतो म्हटलं, आणि दोरीखालून वाकून घरी आलो.