पिंप काठोकाठ पाहिजे

पाहुणा खुर्चीत टेकतो न टेकतो तोच माझी मुलगी म्हणते, "बाबा, ती बिअरची गोष्ट सांगा ना." का सांगू? ज्याचं नाक कापलं गेलं त्यालाच नाकाची गोष्ट सांगायला बसवायचं, ही कुठली रीत? आणि सांगायला लागलो तरी धड सांगू देतात का? मधेच बायको तोंड घालते, जावई हसतो, आणि व्याही असे गप्प बसतात की जणू त्या वेळी ते परगावी होते. म्हणून एकदाची लिहूनच टाकतो. शाळेत मी फार टिकलो नाही, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ ज्याचं त्यानं लावून घ्यावं. यापुढे कोणी विचारलं तर कागद हातात देणार आणि मी झोपणार.

मी पिंपं बांधणारा माणूस. लाकडी पिंपं. ओकच्या फळ्या वाफेवर वाकवायच्या, लोखंडी पट्ट्या ठोकून बसवायच्या, आणि थेंब गळता कामा नये. माझ्या पिंपातून कधी गळला नाही. (माझ्या छपरातून गळायचं, पण ते काम दुसऱ्याचं.) मग प्लास्टिकची पिंपं आली आणि माझं दुकान बसलं. त्यानंतर घरात मला कोणी काही विचारीनासं झालं. विचारलंच तर एवढंच, "बाबा, बाथरूमचा दिवा तुम्हीच चालू ठेवलात ना?"

जावई साबणाच्या कारखान्यात खोकी भरतो. माणूस गरीब गाय. पण त्याला नाद बिअर बनवायचा. घरामागच्या शेडमध्ये त्याची पातेली, नळ्या, बाटल्या. बनवतोही चांगली. चौकातल्या हॉटेलवाल्या बाईंनी त्याला सांगितलं होतं, "लाकडी पिंपात मुरवलेली बिअर करून आण. पसंत पडली तर कायमची तुझ्याकडूनच घेईन. पण एक ऐक. लाकूड कानात सांगितल्यासारखं लागलं पाहिजे. घोटाबरोबर दारूच अंगावर येते, तसली मला नको. माझ्याकडे लोक जेवायला येतात, पडायला नाही."

बाईंचा होकार म्हणजे साबणाची नोकरी सुटणार. मुलगी तेव्हापासून वेगळ्याच पायांनी चालायला लागली.

आता तसली बिअर असते कशी, हे आधी कळायला पाहिजे. म्हणून जावई पिंपात मुरवलेल्या बाटल्या शोधून शोधून आणायचा आणि आम्ही जेवणाच्या टेबलावर चाखायला बसायचो. एकीनं कानाच्या पाळ्या गरम केल्या. दुसरी म्हणजे नुसतं खोकल्याचं औषध. तिसरीवर लिहिलं होतं "सौम्य", आणि ती पिऊन मी बायकोला तिच्या माहेरच्या लोकांबद्दल खरं ते सांगितलं. त्या रात्री मी बाकावर झोपलो.

माझे व्याही, म्हणजे जावयाचे वडील, आमच्याकडेच राहतात, शेडला लागून असलेल्या खोलीत. धंद्यानं शिंपी. आता मशीन बंद आहे, पण कात्री तोंडात आहे. ते बाटलीचा नुसता वास घ्यायचे. म्हणायचे, "मी थेंबाला शिवत नाही, व्याहीबुवा. पोटाला सोसत नाही."

"मग मत कशाला देता?"

"कापड न नेसता त्याचा पोत कळतो ना?"

असल्या माणसाशी काय बोलायचं. एका संध्याकाळी मी ग्लास आपटून म्हणालो, "दोष बिअरचा नाही. पिंपाचा आहे. असली बिअर व्हिस्कीच्या जुन्या पिंपात मुरवतात, आणि ते रिकामं केलं तरी फळ्या प्यालेल्याच असतात. त्यात बिअर घालाल तर ती झिंगणारच. आधी फळ्यांची उतरवली पाहिजे."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही उतरवाल?"

इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कोणी काम सांगितलं. मी नाक खाजवलं, म्हणजे डोळ्यांकडे कोणाचं लक्ष जाऊ नये.

जावयानं व्हिस्कीचं जुनं पिंप आणलं. मी त्यात कढत पाणी ओतलं, बूच ठोकलं, पिंप लोळवलं, तसंच राहू दिलं. पाणी काढलं तर चहासारखं, आणि वास असा की शेजारचं मांजर भिंतीवरच बसून राहिलं. पुन्हा पाणी, पुन्हा लोळवणं. वास नुसता लाकडाचा उरेपर्यंत मी सोडलं नाही. पट्ट्या नव्यानं ठोकल्या. व्याही दारात उभे राहून म्हणाले, "शिवण बरी आहे."

बिअर भरली. जावयानं शेडची किल्ली माझ्या हातात दिली. "बाबा, आता मुरेपर्यंत हात लावायचा नाही."

"मी कशाला लावतोय?" मी म्हणालो.

खरंच लावणार नव्हतो. पण एक शंका आली. फळ्या पुरत्या शुद्धीवर आल्या असतील ना? नसल्या तर पोराची मेहनत मातीत. एक घोट घेऊन बघावं, कामाची जबाबदारी म्हणून. (जबाबदारी हा शब्द मी एरवी वापरत नाही. गरज पडली तरच.) पिंपाच्या तोंडाच्या फळीला मी बारीक भोक पाडलं आणि त्यात खिळा बसवला. खिळा उपसला की बारीक धार ग्लासात, पुन्हा दाबला की बंद. जुनी युक्ती आहे.

घोट घेतला. छान होती. लाकूड होतं, गोडवा होता, दारू मागच्या बाकावर गप्प बसली होती.

पण ग्लासभर काढली म्हणजे पिंप ग्लासभर रिकामं झालं. आणि आमच्या धंद्यातला पहिला धडा, माझ्या उस्तादानं कानाला धरून शिकवलेला: पिंप काठोकाठ पाहिजे. वर जागा राहिली की हवा शिरते आणि माल आंबतो. रिकामं पिंप मला बघवत नाही, जसं कोणाला वाकडी टांगलेली तसबीर बघवत नाही. म्हणून मी वरून पाणी घातलं. उकळून गार केलेलं. मी काही बेजबाबदार नाही.

दुसऱ्या दिवशी वाटलं, लाकूड हे रोज बदलतं, बघायला पाहिजे. मग रोजच बघायला लागलो. आणि मजा अशी की बिअर खरोखरच सौम्य होत चालली होती. मी जेवताना जावयाला सांगायचो, "वासावरून सांगतो, दारू खाली बसत चाललीय." तो माझ्या हातांकडे असा बघायचा की जणू त्यात विद्या आहे. मुलगी तर मैत्रिणींना सांगत सुटली, "आमच्या बाबांचा हात लागलाय पिंपाला."

लागलाच होता.

बाई आल्या त्या दिवशी टेबलावर धुतलेली चादर, नवे ग्लास. जावयानं कारखान्यातून सुट्टी घेतलेली. पिंपातून काढून आणलेली बिअर मुलीनं ओतली. बाईंनी ग्लास उजेडाला धरला, वास घेतला, घोट घेतला. मग आणखी एक घोट घेतला.

"सौम्य आहे," त्या म्हणाल्या.

मुलीनं माझा हात दाबला.

"फार सौम्य आहे," बाई म्हणाल्या. "लाकूड कानात सांगतंय, खरं. पण बिअर दुसऱ्या खोलीतून." ग्लास खाली ठेवला. "पोरा, ही भांडं विसळल्यासारखी लागते. मी हे लोकांपुढे ठेवू शकत नाही."

भल्या बाई होत्या, त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं. पण जावयाचा चेहरा मला अजून दिसतो. तो म्हणाला, "माझंच चुकलं असेल. धान्य कमी पडलं असेल. बाबांनी पिंप चांगलं केलं होतं, मीच वाया घालवलं. विकून टाकतो सगळं." आणि चष्मा पुसत बसला.

शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. हे काही मला सोसेना.

"धान्य बरोबर होतं," मी म्हणालो. "मी पाणी घातलं."

सगळे माझ्याकडे वळले.

"कशाला?" मुलगी म्हणाली.

"पिंप काठोकाठ पाहिजे म्हणून."

"ते भरलेलंच होतं."

"मी काढायच्या आधी."

"किती काढलीत?"

"चव बघण्यापुरती."

"बाबा."

"रोज."

जावयानं डोकं हलवलं. "नाही हो. रोजच्या ग्लासानं इतकी पातळ नाही होणार."

तेव्हा बायको खोकली. ती उगाच खोकत नाही. माझ्या लक्षात आलं, तिचे केस हल्ली फार चमकत होते. मला वाटायचं, माझंच प्रेम वाढलंय.

"तुमच्या खिशातली किल्ली घेऊन मी थोडी केस धुवायला घ्यायचे," ती म्हणाली. "खिळा दिसला, उपसला. तांब्याभरच. आणि तेवढंच पाणी घालून ठेवायचे. लग्न झाल्यापासून तुम्हीच ओरडताय ना, पिंप काठोकाठ पाहिजे म्हणून."

बाईंना हसू आवरेना, पण त्या नाही म्हणाल्या ते म्हणाल्याच. जाताना एवढंच बोलल्या, "हिंमत असेल तर पुन्हा करून आण. कुलूप लावून."

मुलगी बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. बाथरूमच्या दिव्याबद्दलही नाही. मी दिवा मुद्दाम चालू ठेवून पाहिला. ती गुपचूप येऊन बंद करून गेली.

मी आपलं पिंप साफ करायला घेतलं, तेवढं तरी नीट करावं म्हणून. भिंतीकडची बाजू पुढे वळवली तर त्या तोंडाच्या फळीलाही एक भोक. माझ्या भोकाला खिळा होता. या भोकावर मेण लावून घट्ट बसवलेलं कोटाचं बटण होतं.

त्या भिंतीपलीकडे कोणाची खोली, हे सांगायला नको. आणि मधल्या दाराला कडी नाही. मी पिंप लोळवत थेट व्याह्यांच्या दारात नेलं.

"हे काय आहे?"

त्यांनी चष्मा वर केला. "बटण."

"पिंपाला बटण?"

"जुन्या मालकाची हौस असेल."

"व्याहीबुवा, बिअर मुरत होती तेव्हा रोज दुपारी तुम्ही गाणी म्हणायचात, ती कशाची होती?"

"कंठ आहे मला," ते म्हणाले. "आणि पोटाला सोसत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे."

आवाज ऐकून मुलगी आली. मी बटण दाखवलं. तिनं ते पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, ते पोटावर हात ठेवून बसले होते. मग किती दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली: "बाबा, केलंत ते केलंत. आता निदान त्यांच्यावर ढकलू नका."

जावयानं त्याच पिंपात दुसरी बिअर भरली. भोकं मी लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवली, माझंही आणि त्यांचंही. शेडला नवं कुलूप आलं, मधल्या दारालाही. मुरली. बाई आल्या, घोट घेतला, आणि ग्लास संपवूनच खाली ठेवला. मग म्हणाल्या, "हीच." लाकूड कानात सांगत होतं, बिअर त्याच खोलीत होती, आणि दारू कुठेतरी सभ्यपणे बसून होती. साबणाची नोकरी सुटली. जावई मला म्हणाला, "बाबा, पिंपाची करामत आहे, तुमचीच." म्हणजे पहिल्या वेळीही नुसता हात मागे घेऊन बसलो असतो तर हेच झालं असतं. हे त्याला म्हणायचं नव्हतं. पण मला तेवढंच ऐकू आलं.

मी जावयाची माफी मागितली. मुलीचीही मागितली. बायकोनं माझी मागितली, केस विंचरता विंचरता का होईना. राहिला प्रश्न शेडच्या किल्लीचा. ती घरातल्या एकाच माणसाकडे द्यायचं ठरलं, जो थेंबाला शिवत नाही. तोच माणूस रोज संध्याकाळी गाणं गुणगुणत माझ्यासाठी एक ग्लास घेऊन येतो. त्यात अर्धं पाणी असतं. मी तोंड वाकडं केलं की म्हणतो, "ग्लास काठोकाठ पाहिजे ना, व्याहीबुवा?" आणि मुलगी वर म्हणते, "बघा, किती काळजी घेतात तुमची." मी पितो. करतो काय? पण माझी माफी मागायचं एक माणूस अजून बाकी आहे, आणि ते म्हणजे आमचे व्याही.