सासर लाल, माहेर हिरवं

प्रॉम्प्ट बदलायचं मी ठरवलं ते निव्वळ भीतीपोटी. मी मुळातच भित्रा. कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघणारा, आणि जिना उतरल्यावर चौथ्यांदा ओढायला पुन्हा वर जाणारा. (बायको खाली उभी राहून वाट बघते. काही बोलत नाही. तिच्या न बोलण्याचाच मला जास्त त्रास होतो.) अशा माणसाच्या हाती काय यावं, तर एकशे चाळीस दंतवैद्यांच्या अपॉइंटमेंट्स!

म्हणजे आमची कंपनी दवाखान्यांना अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर पुरवते आणि ते चालू ठेवणाऱ्या चौघांपैकी मी एक. हे सगळं चालतं क्लस्टरवर. क्लस्टर म्हणजे एकत्र जुंपलेले पुष्कळ कॉम्प्युटर आणि त्यांच्यावर कंटेनर नावाचे शेकडो डबे, प्रत्येक डब्यात एकेक काम. आमचे क्लस्टर दोन. एक खरा, ज्याच्यावर दवाखाने चालतात. दुसरा सरावाचा, तिथे आम्ही वाटेल ती मोडतोड करतो. गोची अशी, की दिसायला दोन्ही जुळे. काळ्या खिडकीत आपण हुकूम टाइप करायचा, आणि आपण त्या वेळी ज्या क्लस्टरवर असू तिथे तो बजावला जातो. आपण कुठे आहोत हे आपलं आपण लक्षात ठेवायचं.

मागच्या महिन्यात मी ते ठेवलं नाही. सरावाचा समजून खऱ्यातला एक डबा बंद केला आणि अकरा मिनिटं कुठल्याच दवाखान्यात पुढचा पेशंट कोण ते कळेना. आमच्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. मॅडम कधी आवाज चढवत नाहीत, शिपायालासुद्धा अहो-जाहो करतात, त्यामुळे त्यांची भीती दुप्पट वाटते. त्या शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा असं झालं, तर तुमची खऱ्या क्लस्टरची चावी मला काढून घ्यावी लागेल." चावी म्हणजे तिथे शिरायची परवानगी. ती गेली की माणूस कंपनीत राहतो, पण शोभेपुरता. बारा वर्षांच्या नोकरीत मानाची म्हणून तेवढी एकच गोष्ट मला मिळालेली. त्या दिवसापासून माझी भूक मेली.

तर प्रॉम्प्ट. काळ्या खिडकीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला जी दोन-चार अक्षरं आपली वाट बघत बसलेली असतात, त्यांना प्रॉम्प्ट म्हणतात. तिथे काय दिसावं हे आपल्याला ठरवता येतं. तिथेच क्लस्टरचं नाव दिसलं तर चूक होईलच कशी? पण आमच्या क्लस्टरांची मूळ नावं एवढी लांबलचक, की पहिली चौदा अक्षरं सारखी आणि फरक फक्त शेवटच्या आकड्यात. म्हणून मी बारसं नव्याने केलं. सरावाच्या क्लस्टरला 'माहेर', हिरव्या रंगात. कसंही वागा, कोणी बोलत नाही. खऱ्याला 'सासर', लाल रंगात. पाऊल जपून टाका. मला वाटतं, माझ्या आयुष्यातली ही पहिली मूळ कल्पना.

त्यासाठीच्या चार ओळी इंटरनेटवरून घेतल्या. त्यांत एकेरी अवतरणचिन्हं होती, ती मी दुहेरी केली. (मला कोणाशीही एकेरीवर आलेलं आवडत नाही. शिवाय शाळेत बाईंनी दुहेरीच शिकवली होती.) एक खिडकी उघडली, हिरवं माहेर. दुसरीकडे जाऊन नवी खिडकी उघडली, लाल सासर. महिन्यात पहिल्यांदा मी पोटभर जेवलो.

त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई दाढदुखीने आमच्याकडे राहायला आल्या. गाल असा सुजलेला, की त्या दोन दिवस खुणांनीच बोलत होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच खुणा माझ्याकडे होत्या. गुरुवारी चार वाजता त्यांची दाढ साफ करून भरायची होती. मी घरूनच काम करत होतो.

तीन वाजता बायको म्हणाली, "अहो, तो कोपऱ्यावरचा दवाखाना तुमच्याच सॉफ्टवेअरवर आहे ना? आईची चारची वेळ नक्की आहे का, बघा बरं."

"फोन कर की त्यांना."

"म्हणजे तुम्हाला बघता येत नाही का?"

असं विचारल्यावर कोणता नवरा गप्प बसेल? समोर हिरव्या माहेराची खिडकी उघडीच होती. त्याच खिडकीतून मी खऱ्या क्लस्टरवर गेलो, यादी काढली. चार वाजता, वरची डावी दाढ. मी ऐटीत म्हणालो, "नक्की आहे. आमच्याकडे गडबड नसते."

पावणेचारला दोघी पायांत चपला सरकवत होत्या तेवढ्यात पंडितचा फोन आला. पंडित म्हणजे आमच्या चौघांतला एक. त्याला सगळं येतं आणि येतं ते तो सांगतो, म्हणून पंडित. माझी नवी नावं मी फक्त त्याला सांगितली होती. माझे हात कीबोर्डवर, त्यामुळे फोन स्पीकरवर.

"ए, माहेर आज पूर्ण पुसून टाक रे," पंडित म्हणाला. "सगळा कचरा साठलाय तिथे."

"खरंय. महिनाभर सांगतोय मी. काही कामाचं उरलेलं नाही तिथे."

"मुळापासून उपट. मग मी नवीन उभं करतो."

"आत्ता उपटतो. ह्या दोघी गेल्या की शांतपणे."

सासूबाई गालावरचा बर्फ बाजूला करून माझ्याकडे बघत होत्या.

"आईसमोर काय बोलताय हे?" बायको दबक्या आवाजात म्हणाली.

"अगं, ते तुझं नव्हे, ऑफिसातलं माहेर."

"ऑफिसात कुणाचं माहेर असतं?"

दार जरा जोरातच लागलं.

मी खुर्चीवर सावरून बसलो. पुसायचा हुकूम टाइप केला. प्रॉम्प्ट बघितला, माहेर, हिरवं. चष्मा पुसून बघितला, माहेर. उठून पाणी पिऊन आलो आणि पुन्हा बघितला. माहेर! ह्याहून जास्त काळजी माणसाने काय घ्यायची? मी एंटर दाबलं. एकेक डबा नाहीसा होत गेला आणि मला आवरलेल्या कपाटासारखं स्वच्छ वाटलं. मी चहा टाकला.

चहा उकळायच्या आत बायकोचा फोन. "अहो, इथे आईचं नाव नाही!"

"कुठे?"

"दवाखान्यात! आईचंच काय, कुणाचंच नाही. कॉम्प्युटर कोरा पडलाय. अकरा माणसं बसलीत आणि जो तो म्हणतोय माझा नंबर पहिला."

मी धावत जाऊन स्क्रीन बघितला. हिरवं माहेर. हुश्श! म्हणजे माझा काही संबंध नाही. तरी स्वभावाप्रमाणे खात्रीसाठी मी एक नवी खिडकी उघडली.

लाल. सासर.

तीनला यादी बघायला खऱ्यावर गेलो होतो, तो परत आलोच नव्हतो. जुनी खिडकी हिरवी, नवी लाल, आणि मी दोन्हीकडून एकाच जागी उभा. फोनवर बायको "अहो, ऐकताय ना?" म्हणत होती.

"अगं, मी चुकून सासर पुसलं," मी म्हणालो.

"मघाशी तर माहेर पुसणार होतात!"

मी फोन ठेवला आणि मॅडमना लावला. "मॅडम, सासर पडलं."

"कुणाच्या सासरी कोण पडलं? लागलं का त्यांना?"

"नाही... तो खरा क्लस्टर. मी पुसला. सगळा."

मग बारा वर्षांत पहिल्यांदाच मॅडम एकेरीवर आल्या. "अरे गाढवा, काय केलंस हे!"

पुढची चाळीस मिनिटं मला नीट आठवत नाहीत. मॅडम आणि पंडित साठवलेल्या प्रतीवरून सगळं परत उभं करत होते, आणि मला दिलेलं काम होतं कीबोर्डपासून लांब बसायचं. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो होतो. एकशे चाळीस दवाखान्यांतले सुजलेले गाल माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. खरोखर रडू येत होतं.

मधेच पंडितने तिकडूनच माझा स्क्रीन उघडून माझ्या चार ओळी वाचल्या आणि फोन केला. "अरे, ही दुहेरी चिन्हं कुणी घातली? दुहेरी घातलीस तर नाव एकदाच ठरतं, खिडकी उघडताना. मग तू कुठेही जा, ते बदलत नाही. एकेरी असती तर दर ओळीला नव्याने विचारून आलं असतं."

"मला वाटलं, दुहेरी म्हणजे जास्त आदराचं."

पंडित हसला नाही. तो हसला असता तर बरं वाटलं असतं.

पाचच्या सुमाराला सगळ्या याद्या परत आल्या, एकही नाव गेलं नाही. मग मॅडमचा फोन आला. आवाज शांत. "तुम्ही बसलेले आहात ना?" असं त्यांनी विचारलं आणि त्या 'तुम्ही'वरूनच मी काय ते समजलो.

"तुमची चावी मी काढून घेतली आहे. तुम्ही आता फक्त सरावाच्या क्लस्टरवर काम करा. आणि हो, तो प्रॉम्प्ट दुरुस्त करत बसू नका. कायम माहेरच दाखवतो ना? आता ते बरोबर आहे."

सहाला दोघी परतल्या. यादी नसल्यामुळे डॉक्टरांनी सूज बघून नंबर लावले आणि सासूबाई सगळ्यांत पहिल्या गेल्या, असं कळलं. म्हणजे माझा त्यांना फायदाच झाला, पण हे बोलायची ती वेळ नव्हती. बायको माझा चेहरा बघून पाघळली. शेजारी बसून तिने हळूच विचारलं, "फार बोलल्या का मॅडम?"

"बोलल्या असत्या तर चाललं असतं गं. आजपासून मला सासरी बंदी आहे."

समोरच्या कोचावर सासूबाई बधिर जबड्याने डोळे मिटून पडल्या होत्या. दोन दिवसांत तोंडातून शब्द निघाला नव्हता. त्यांनी डोळे उघडले, तोंडातला कापसाचा बोळा काढला आणि अगदी स्वच्छ आवाजात, मोठ्या आशेने विचारलं,

"कायमची?"