सूर्यावर खार खाऊन असलेले तेजरामभाऊ

आमच्या मुर्री गावात लोक सकाळी सूर्याला पाणी घालतात. शेजारचे तेजरामभाऊ त्याला दम देतात. अंगणात उभं राहून "आज गपचूप राहजो" असं बजावल्याशिवाय ते चहाला तोंड लावत नाहीत.

का, तर सूर्यावर वादळं उठतात. एखादं मोठं वादळ इकडे वळलं, तर तारांत नको तो करंट शिरून ट्रान्सफॉर्मर जळतील आणि अख्खा जिल्हा अंधारात जाईल. हे खोटं नाही, मीही वाचलंय. पण म्हणून माणसानं शेजाऱ्याचा मेन स्विच पाडावा? ऐन उन्हाळ्यात, ताटावर बसलेलो असताना? वर दारात उभं राहून मलाच विचारतात, "तिकडं भडका उठून राहिला, अन् तू पंखा कायले चालवून राहिला?"

वीज कार्यालयातही जाऊन आले. तिरोड्यापासून दवनीवाड्यापर्यंत तारा अशा उघड्या काऊन, म्हणून तिथल्या साहेबांना झापलं. साहेबांनी यंदा धान कसं आहे ते विचारलं. तो संताप भाऊ अजून रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून आईजवळ काढतात. गावात त्यांना पाहून लोक रस्ता बदलतात. आई मात्र कानात मशीन घालून शेवटपर्यंत ऐकते.

परवा तर कहर झाला. आईची ती कानाची मशीनच सापडेना. घर पालथं घातलं. शेवटी आईला ओरडून विचारलं, तर म्हणाली, तेजराम घेऊन गेला.

तरातरा गेलो. भाऊंनी पत्र्याच्या कोठीचं झाकण उघडलं. पत्र्याआड वादळ शिरत नाही, असा त्यांचा दावा. तांदळात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी मशीन बाहेर काढली. फटीफटीत कोंडा! आणि त्यांचा स्वतःचा रेडिओ, मोबाइल खुशाल बाहेर खाटेवर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाला येईल ते बोललो. तुमचं सामान बाहेर, मग आमचंच काऊन नेलं?

भाऊ मशीनवरचा कोंडा फुंकत राहिले. मग हळूच म्हणाले, "रेडिओ बिघडला तं बिघडला. ही मशीन बिघडली तं माह्यं आयकीन कोन?"

एवढा तापलेलो मी, पण उरलेला कोंडा मीच पुसला. मशीन घेऊन घरी आलो. भाऊ मागोमाग आले आणि ओट्याखालीच थांबले.

आईनं मशीन कानात बसवली, थोडी सरकली, शेजारची जागा हातानं झटकली.

"ये गा तेजराम, बस. का म्हणते आज तुहा सूर्य?"