घड्याळाशेजारचे दोघे

भोसरीतले आमचे शेजारी साळवेकाका आपल्या संगणकाकडून आठ तासांच्या वर काम करून घेत नाहीत. मध्ये जेवणाची सुट्टी. गुरुवारी तो पूर्ण बंद, कारण एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. "मशीन झालं म्हणून काय, कामगारच ना ते," असं त्यांचं म्हणणं. आठ तासांच्या मागणीची पत्रकं मी कंपन्यांच्या गेटवर वाटतो. पण ती इतकी मनावर घेतलेला दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

परवाच्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. संगणकातलं नेटवर्क हरवलं होतं, आणि तो आज दुरुस्त झाला नाही तर भंगारात द्यायचा असं मुलाने बजावलं होतं. भंगारवालाही ठरवून ठेवलेला. माझं डोकं तापलं. जुनं झालं की फेका, ही मालकांची रीत. आधी माणसांना लावली, आता यंत्रांना, असं मी बराच वेळ बोललो.

"भाषण नंतर दे लेका. आधी नेटवर्क शोध."

सेटिंगमधून जोडणीच गायब होती. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर पुन्हा टाकला, तशी ती परत आली. वर्तमानपत्राचं पान धापा टाकत का होईना उघडलं. मी विजयाने मागे टेकलो.

"हे ठीक. पण नेटवर्क कुठंय?"

"हेच नेटवर्क, काका."

"हे न्हाई."

मी हवामान दाखवलं, गाणं वाजवलं, केबलसुद्धा बदलली. काका नुसती मान हलवत होते. इंटरनेट चालू आणि नेटवर्क नाही, म्हणजे नक्की काय? हरलो आणि विचारलं, तुम्हाला दिसत काय नाही? त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी बोट ठेवलं.

"हितं दोघं होते."

एकामागे एक उभ्या दोन इवल्या संगणकांचं, नेटवर्कचं ते जुनं चिन्ह! सेटिंगमध्ये ते दाखवण्याच्या चौकटीतली टिकची खूण तेवढी निघाली होती. मी ती केली. दोन चिमुकले पडदे उमटले आणि आळीपाळीने लुकलुकू लागले.

काकांनी खुर्ची पुढे ओढली. "तुझी काकू म्हणायची, पुढचे तुम्ही, मागची मी. तिची दिवसपाळी, माझी रात्रपाळी. एक घरात आलं की दुसरं बाहेर. सगळा संसार असाच झाला, काय तो सुट्टीचा एक वार सोबत."

काकू गेल्या वर्षी वारल्या. मी काढलेली केबल गुंडाळू लागलो.

खालून भंगारवाल्याची हाक आली. काकांनी मान वर केली नाही. तेवढ्यात दोन्ही पडदे क्षणभर एकदम उजळले.

"हा बघ," ते हळूच म्हणाले, "गुरुवार."