ओसरीवर तीन, अंगणात एक

"तीन," विस्तार अधिकारी म्हणाले.

"चार हायेत, सायेब," सरपंच खुशालराव म्हणाले.

साहेबांनी पुन्हा मोजलं. सरपंच खुशालराव एक, उपसरपंच जानराव दोन आणि सभा सुरू होण्याआधीच डुलक्या घेणारे पुंजाराम तीन. "तीनच आहेत. सातांपैकी चार सभासद हजर असल्याशिवाय ग्रामपंचायतीची सभा होत नाही, हे आपल्याला ठाऊक असेलच."

"चौथा काय, तो तठी बसला!" खुशालरावांनी अंगणाकडे हनुवटी उडवली.

अंगणात बैलांच्या गव्हाणीजवळ, गोणपाटावर, उन्हात बुधाजी बसले होते. बौद्ध वस्तीतल्या चाळीस घरांनी तीन वर्षांपूर्वी, म्हणजे साठ साली, त्यांना निवडून दिलं होतं. पण पंचायतीची सभा भरायची सरपंचांच्या ओसरीवर, आणि ओसरीवर कोणी चढायचं हे सरपंचांच्या आई पार्बताबाई ठरवायच्या. खुशालराव मोर्शीला जाऊन पंचायत राजवर पाऊण तास भाषण ठोकून आले होते. त्यात समता हा शब्द बऱ्याच वेळा आला होता. तो घरी आणायचं मात्र राहून गेलं होतं.

एरवी या सगळ्याची चौकशी करायला कोणी येत नसे. सभेला तिघं जमत, ठरावाचं पुस्तक पायरीवर ठेवलं की बुधाजी खालूनच सही करत, झाले चार. आज साहेब स्वतः आले होते, कारण गावाला सरकारी विहीर मंजूर झाली होती आणि जागेचा ठराव संध्याकाळच्या आत अमरावतीला पोचला नाही, तर विहीर दुसऱ्या गावाला जाणार होती. बाकीचे तीन सभासद नेमके भातकुलीला लग्नात जेवत होते. विहीर मागितली होती बौद्ध वस्तीसाठी, कारण तिथल्या बायका कोसभर लांबच्या नाल्यावरून पाणी आणत. खुशालरावांनी लिहून ठेवलेल्या ठरावात मात्र ती त्यांच्या संत्र्याच्या बगीच्याला लागून होती.

"सभा ओसरीवर आहे आणि ते अंगणात आहेत," साहेब म्हणाले. "उद्या रस्त्यानं जाणारा माणूसही मोजाल."

"बुधा, ये वरते!" खुशालराव तोंडानं ये म्हणाले आणि हातानं थांब म्हणाले. तेवढ्यात घरात पितळेचं पातेलं जोरात आपटलं. पार्बताबाई दाराआड उभ्या होत्या. खुशालरावांनी घाम पुसला आणि त्यांना एकदम युक्ती सुचली. "सायेब, असं करू. सभाच खाली नेऊ!"

खुर्च्या अंगणात आल्या. पुंजारामांना जागं करून उन्हात बसवलं. साहेबांनी चार मोजले, पेनाचं टोपण काढलं आणि ठराव वाचला. तो ऐकून बुधाजी उठले.

"मी निंगतो. माही बायको मनकर्णा एकटीच नाल्यावर गेली, घागरी आनाले जा लागते. ठराव त तुमी आधीच लिवून ठेवला, माह्यावाचून काय अडलं?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "सभा बंद."

"काहून?" बुधाजी फाटकाशी थांबले.

"तुम्ही गेलात की तीनच राहतात."

बुधाजी परत येऊन बसले. टोपण निघालं. त्यांनी थोडा विचार केला आणि पुन्हा उभे राहिले. टोपण लागलं.

"हे असं चालते, सायेब?"

"असंच चालतं. कायद्यात आहे."

"मले तीन वर्सं कोनीच सांगतलं नाई," बुधाजी म्हणाले. ते उभेच होते.

"बुधाजी, बस ना आता," खुशालराव म्हणाले.

"वस्तीत विहीर लिवा. मंग बसतो."

"तठी सारा खडक हाये!" जानराव ओरडले.

"खडक हाये त नाल्यावर जातो मी," म्हणून बुधाजी चालू लागले.

खुशालरावांची पाचावर धारण बसली. विहिरीच्या भूमिपूजनाला ते आमदारांची तारीख घेऊन बसले होते, आणि विहीरच नाही म्हणून सांगायला आता त्यांनाच जावं लागणार होतं. ते अनवाणीच फाटकापर्यंत धावले. "बुधाजीराव! अवो, लिवतो ना वस्तीत! या, बसा खुर्चीवर!"

ठराव नव्यानं लिहिला गेला. चौघांनी सह्या केल्या. सभेचं ठिकाण म्हणून साहेबांनी 'सरपंचांचं अंगण' असं लिहिलं आणि सवयीनं पुस्तकाची मागची पानं चाळली.

"इथं तर प्रत्येक सभा ओसरीवर झालेली दिसते. हा तुमच्या बगीच्यापर्यंतच्या रस्त्याचा ठराव. हजर चार, त्यात बुधाजी. ते त्या दिवशी कुठं बसले होते?"

खुशालरावांचा चेहरा उतरला. बुधाजी अंगणात होते म्हटलं तर रस्ता गेला, रस्त्याबरोबर बाकीचं सगळं गेलं, आणि वर खोटी नोंद केल्याची चौकशी.

"वरतेच!" ते म्हणाले. "माह्याजवळ, मांडीले मांडी लावून! सांगा ना बुधाजीराव, तुमी ओसरीवरच बसता ना?"

बुधाजी काही बोलायच्या आत दार धाडकन उघडलं.

"कोन बसते माह्या ओसरीवर?" पार्बताबाई कडाडल्या. "तीन वर्सांत एक डाव पाय लागू देल्ला नाई म्या!"

"आई, तू आत जाय!"

"काहून जाऊ? सायबासमोर आपल्याच घराले बट्टा लावून राह्यला तू! एकूनएक सभेले तो गव्हाणीपाशी होता, म्या सोताच्या डोयानं पाह्यलं. कोनाचीबी शपथ घ्याले लावा मले!"

"शपथ नको, आजी," साहेब टोपण काढत म्हणाले. "सावकाश सांगा, मी लिहून घेतो."

असं अदबीनं आजवर त्यांचं कोणी ऐकून घेतलं नव्हतं. पार्बताबाई खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी सणवारांच्या हिशेबानं एकेक सभा सांगितली. पोळ्याच्या आदल्या दिवशीची, संक्रांतीनंतरची, जानरावांच्या पोरीच्या लग्नाच्या आठवड्यातली. कुठलीच चुकली नाही. शेवटी साहेबांनी सगळं वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी समाधानानं मान हलवली आणि खाली ठसठशीत अंगठा उठवला.

त्या अंगठ्यानं तीन वर्षांतले एकोणीस ठराव रद्द झाले. विसावा तेवढा वाचला, आणि त्यात विहीर बौद्ध वस्तीत होती.